सिअ‍ॅटल १९१७ की न्यूयॉर्क १९२८: आधी कोणता हंगाम वाचावा?

आइस हॉकीच्या जुन्या काळात डोकवायचं म्हटलं की बहुतेकांच्या हाती पहिली येते ती न्यूयॉर्क रेंजर्सच्या १९२७-२८च्या हंगामाची गोष्ट. स्टॅनली कप, म्हणजे आइस हॉकीतला सर्वोच्च करंडक, जिंकणारा पहिला अमेरिकी संघ मात्र रेंजर्स नव्हे. तो मान अकरा वर्षं आधी, १९१७ साली, सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्सने मिळवला होता. दोन्ही हंगाम वाचण्यासारखे आहेत, पण आधी कोणता, याला माझ्या मते उत्तर आहे.

रेंजर्सचं आकर्षण एका सामन्यात आहे. संघाचा तो दुसराच हंगाम. अंतिम फेरी मॉन्ट्रियल मरून्सशी. घरच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सर्कस उतरलेली, त्यामुळे पाचही सामने मॉन्ट्रियललाच. ७ एप्रिलच्या दुसऱ्या सामन्यात नेल्स स्टुअर्टचा फटका गोलरक्षक लॉर्न शॅबोच्या डोळ्यावर बसला. राखीव गोलरक्षक बाळगायची तेव्हा पद्धत नव्हती. ओटावाचा गोलरक्षक अ‍ॅलेक कॉनेल प्रेक्षकांत बसला होता. त्याला उतरवू द्या, अशी विनंती रेंजर्सनी केली, पण मरून्सचे प्रशिक्षक एडी जेरार्ड यांनी साफ नकार दिला. शेवटी रेंजर्सचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक, वय ४४, स्वतःच पॅड बांधून गोलसमोर उभे राहिले. त्यांनी एकच गोल होऊ दिला आणि जादा वेळेत फ्रँक बाउचरने सामना २-१ असा काढला.

हे सगळं खरं, पण बाकीचा हंगाम? ४४ सामन्यांत १९ विजय, १६ पराभव, ९ बरोबरी. अंतिम फेरीतल्या पाच सामन्यांत रेंजर्सचे गोल पाच, मरून्सचे सहा! कमी गोल करून कप नेला, आणि त्या पाचांतले चार एकट्या बाउचरचे. गोलांच्या आतषबाजीची हौस असेल तर इथे निराशा होईल.

सिअ‍ॅटलचं उलट आहे. प्रशिक्षक पीट मल्डून यांच्या या संघाने २४ पैकी १६ सामने जिंकून पॅसिफिक कोस्टची लीग जिंकली आणि गतविजेत्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्सना घरी बोलावलं. या मालिकेतली खरी गंमत नियमांची. पश्चिमेकडे बचावफळी आणि आघाडी यांच्या मध्ये फिरणारा ‘रोव्हर’ धरून सात जण खेळत, पूर्वेकडे सहा. म्हणून एक सामना यांच्या नियमांनी, पुढचा त्यांच्या. पहिला पश्चिमेच्या नियमांनी झाला, तो कॅनेडियन्सनी ८-४ असा मारला. मग पाहुण्यांच्याच नियमांनी सिअ‍ॅटलने त्यांना ६-१ असं धुतलं. तिसरा ४-१. चौथा पुन्हा पाहुण्यांच्या नियमांनी, तर ९-१, आणि समोर गोलमध्ये जॉर्ज व्हेझिनासारखा मातब्बर! बर्नी मॉरिसने त्या दिवशी सहा गोल ठोकले, मालिकेत चौदा. दुसरीकडे जॅक वॉकर हूक चेकने, म्हणजे खाली वाकून स्टिक बर्फावर आडवी फिरवत, चकती अलगद काढून घ्यायचा. रोव्हरचं काम काय असतं, हे समजायला त्याचा खेळ पुरेसा आहे.

माझा कौल सिअ‍ॅटलला, आणि त्याचं मुख्य कारण पुन्हा लेस्टर पॅट्रिकच आहेत. सिअ‍ॅटल ज्या लीगमध्ये खेळत होतं ती १९११ साली त्यांनी आणि त्यांचा भाऊ फ्रँक यांनी उभी केली. चकती पुढे पास करायला मोकळीक देणारे हेच. बाउचर आणि बिल व बन हे कुक बंधूही पश्चिमेतच नावारूपाला आले. पश्चिमेतली शेवटची मोठी लीग १९२६ साली बंद पडल्यावर ते न्यूयॉर्कला आले. सिअ‍ॅटल आधी वाचलंत, तर पॅड बांधणारा तो माणूस नुसता धाडसी म्हातारा वाटणार नाही.

एक अडचण आहे. रेंजर्स आजही खेळतात; मेट्रोपॉलिटन्स १९२४ साली संपले आणि त्यांच्या रिंकचं पुढे पार्किंग गॅरेज झालं. तिथल्या आजच्या क्रॅकन संघाचा या जुन्या संघाशी संबंध फक्त गावापुरता. सिअ‍ॅटल निवडलंत तर १९१९ही वाचाच: तेच दोन संघ पुन्हा भिडले, पण इन्फ्लुएन्झाच्या साथीने मालिका अर्धवट राहिली आणि कप कुणालाच मिळाला नाही. आणि हाताशी एकच संध्याकाळ असेल, तर मात्र माझं ऐकू नका. सरळ ७ एप्रिल १९२८चा सामना वाचा.