किट लेन्स की फिफ्टी? इंदुरात फोटो शिकणाऱ्याने आधी काय घ्यावं

नवा कॅमेरा घेऊन काही महिने झाले की बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. फोटो बरे येतात, पण पुतणीच्या मोबाइलमधल्या फोटोंपेक्षा काही खास वाटत नाहीत. मग ओळखीतलं कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "ती किट लेन्स काढून ठेवा, फिफ्टी घ्या." किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम, फिफ्टी म्हणजे झूम नसलेली ५० मिमीची लेन्स. सल्ला चुकीचा नाही, घाईचा आहे. माझा कौल आधीच सांगून टाकते. माणसांचे आणि रात्रीचे फोटो काढत असाल तर फिफ्टी घ्या, किंवा तिची धाकटी बहीण, ३५ मिमीची, घ्या. वाडे, समाधीवरच्या दगडी छत्र्या, गल्ल्या आणि घरातली कार्यं हाच तुमचा विषय असेल तर सध्या पैसे खिशातच राहू द्या.

दोघींत मुळात फरक दोनच. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स १८ पासून ५५ मिमीपर्यंत फिरते: १८ वर चौकटीत जास्त मावतं, ५५ वर दूरचं जवळ येतं. फिफ्टी ५० मिमीवरच असते, पुढे-मागे आपण व्हायचं. दुसरा फरक उजेडाचा. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. फिफ्टी एफ/१.८ पर्यंत उघडते आणि त्यातून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. हल्लीच्या काही मिररलेस (आतला आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांबरोबर १८-४५ येते, ती तर टोकाला एफ/६.३ वर जाते, म्हणजे आणखीच अंधारी.

हे दहापट प्रकरण काय असतं ते सराफ्यात कळतं. दिवसा सोन्या-चांदीचा बाजार, आणि रात्री पेढ्या मिटल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात. समजा, गराडू (एक कंद) तळणाऱ्याचा फोटो घ्यायचाय. किट ५५ वर, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२००, आणि कॅमेरा शटर देतोय १/२५ सेकंद. चेहरा कदाचित बरा येईल, पण झारा धरलेला हात पुसला जाणार. त्याच जागी, त्याच आयएसओला फिफ्टी एफ/१.८ वर उघडली की शटर १/२५० च्या आसपास जातं. हात जागच्या जागी थांबतो, झाऱ्यातून निथळणारं तेलही दिसतं. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारे आहेत, त्यांच्यासाठी तर किट लेन्स रात्री जवळजवळ निरुपयोगीच. आयएसओ वाढवून भागेल म्हणावं तर सुरुवातीच्या, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या, कॅमेऱ्यात १२८०० ला फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात.

इथेच एक गफलत होते. दुकानदार म्हणतो, किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे, रात्री चालेल. आहे, बऱ्याच किट लेन्समध्ये असतं. स्वस्त फिफ्टीत नसतं, आणि सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या बॉडीतही नसतं. पण स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, समोरच्याचा नाही. रात्री दिव्यांनी उजळलेला राजवाडा हलत नाही, तिथे किट लेन्स हातात धरून १/१० लाही स्वच्छ फोटो देऊ शकते आणि फिफ्टीपेक्षा उजवी ठरते. हलवाई हलतो. तेव्हा "रात्रीसाठी कोणती?" हा प्रश्न अर्धाच आहे; रात्री कशाचा फोटो, ते आधी ठरवा.

सराफ्यातली आणखी एक खोडी एलईडीची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. डोळ्यांना जाणवत नाही, पण शटर वेगवान केलं की फोटोत आडवे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की ते जातात. सायलेंट (आवाज न करणारं) शटर चालू असेल तर बंद करा, त्यात पट्टे जास्त येतात. म्हणजे फिफ्टीने दिलेलं १/२५० दरवेळी वापरता येईलच असं नाही. काही ठेल्यांपुढे १/१०० वर उतरून हात क्षणभर थांबण्याची वाट पाहावी लागते.

एफ/१.८ ची नशाही लवकर चढते. मागचं सगळं धूसर, फोटो एकदम 'प्रोफेशनल'! पण एक मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टाच स्पष्ट येतो. जलेब्याची (मोठ्या जिलबीची) पुढची कड धारदार, मागची गेली, आणि हलवाई म्हणजे नुसता गुलाबी ढग. सराफ्यात काढलेला फोटो सराफ्यातला वाटायला नको का? एफ/२.८ वर आणा. उजेड तरीही किटच्या चौपट, आणि मागची कढई, माणूस, पाटी थोडी तरी ओळखू येतात. शिवाय ताटलीच्या अगदी जवळ जायचं असेल तर बहुतेक वेळा किटच जिंकते. कॅनन आणि निकॉनच्या १८-५५ साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतात, कॅननच्या डीएसएलआरची (आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) फिफ्टी ३५ च्या अलीकडे करत नाही.

आता दिवसा राजवाड्यासमोर या. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. फिफ्टी लावली की तुम्ही मागे सरकत राहता, आणि इतकं मागे गेल्यावर मध्ये ई-रिक्षा, फुगेवाले आणि अख्खं इंदूर येतं. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर सहसा एपीएस-सी, म्हणजे छोटा. त्यावर ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते, म्हणजे चौकटीत आणखी कमी मावतं. किट १८ वर आणा, जवळ उभे राहा, काम झालं. कृष्णपुरा छत्र्यांवर मात्र दोन्ही चालतात: नदीकाठासकट पूर्ण छत्री हवी तर किट, भिंतीवरची एखादीच दगडी मूर्ती हवी तर फिफ्टी. तिथे सकाळी जा, तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. लेन्सपेक्षा त्या उन्हाचाच फरक मोठा, तेव्हा दुपारी बारा वाजता जाऊन लेन्सला नावं ठेवू नका.

घरच्या कार्यांत फिफ्टीवाल्यांची खरी पंचाईत. रामबागेतल्या जुन्या घरातली दहा फुटी खोली, केळवणाची पंगत, आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे. आडव्या फ्रेममध्ये दोन-तीन माणसांच्या वर कोणी मावत नाही. ताटाभोवतीची रांगोळी घ्यावी तर नवरी कापली जाते. मुंजीत भिक्षावळीच्या वेळी हीच लेन्स सोनं आहे: दीड-दोन मीटरवरून बटूचा चेहरा छातीपर्यंत छान येतो, नाक मोठं दिसत नाही. नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नव्हे, १८ वर जवळ घुसून काढल्यामुळे. किट ५५ वर नेऊन दोन पावलं मागे गेलात तरी तेच साधतं. खोल्या लहान आणि माणसं जास्त, हे तुमचं नेहमीचं असेल तर ३५ ची एफ/१.८ बघा. एपीएस-सीवर ती डोळ्याला सरळ वाटते, आणि खोलीत वावरता येतं.

सिरपूर तलावावरच्या पक्ष्यांसाठी या दोघीही कामाच्या नाहीत. तिथे ५५-२५० सारखी लांबची झूम लागते, तो वेगळा खर्च.

पैसे टाकण्याआधी दोन गोष्टी फुकटात करून पाहा. कॉम्प्युटरवर जुने फोटो उघडा. प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स किती मिमीवर होती तो आकडा, लिहिलेली असते. बहुतेक १८ ते २४ च्या घरात असतील तर फिफ्टी तुमची नाही, कितीही कोणी सांगो. बहुतेक ५५ वर आदळलेले असतील तर मात्र तुम्ही तिची वाटच पाहताय. दुसरं, एखाद्या रविवारी किट लेन्स ५० वर आणून झूमच्या रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा आणि तशीच फिरवा. गुदमरल्यासारखं झालं तर ३५ वर लावून पुढच्या रविवारी जा. एका जागी उभं राहून झूम फिरवण्याची सवय या चिकटपट्टीनेच मोडते. शिकण्याच्या दृष्टीने फिफ्टीचा जो मोठा फायदा सांगतात, त्यातला बराचसा इथेच मिळतो. राहतो तो फक्त उजेड, आणि त्याचेच पैसे मोजायचे.

घ्यायची ठरलीच तर माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जोडणी, तपासा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. जुनी 'डी' छापाची ५० स्वस्तात मिळते खरी, पण त्यांच्यावर ऑटोफोकस करत नाही. 'जी' छापाची एएफ-एस मागा, तिच्यात मोटर स्वतःचीच असते. कॅननच्या आर५० सारख्या मिररलेसला आरएफ ५० थेट बसते, डीएसएलआरची ईएफ बसवायला अडॅप्टर लागतो, आणि आरएफ लेन्स डीएसएलआरवर मुळीच बसत नाही. वापरलेली घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा: काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या.

किट लेन्स विकू नका, तिला तसाही कोणी भाव देत नाही. शिवाय रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर गुलाल घेणं. त्या दिवशी घरूनच किट लावून निघा, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून लेन्सच्या तोंडाशी रबरबँड बांधा, पुढे एक यूव्ही फिल्टर (लेन्स वाचवणारी साधी काच) लावा, आणि घरी येईपर्यंत लेन्स काढू नका.