बारावीबरोबरचा डिझाइनचा वर्ग : रेखाटन उत्तम, पहिला भाग कच्चा

भुसावळहून दर शनिवारी आणि रविवारी जळगावला जाऊन माझ्या मुलीने बारावीच्या वर्षी डिझाइन प्रवेशपरीक्षांचा जो वर्ग केला, त्याविषयी खानदेशातील इतर पालकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही. दोन हप्त्यांत मिळून 42,000 रुपये शुल्क भरले. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा.

वर्गाची खरी ताकद शनिवारच्या रेखाटनाच्या तासांत आहे. शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळालेली असल्यामुळे स्थिरचित्र, संकल्पचित्र, घनभूमिती हे सारे मुलीच्या हातात बसले आहे, असा तिचा आणि आमचाही समज होता. पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावर केळीची एक फणी ठेवली आणि पंधरा मिनिटांत तिची तीन चित्रे मागितली : समोरून दिसते तशी, देठावर बसलेल्या मुंगीला दिसेल तशी आणि केवळ सात रेषांत. मुंगीच्या चित्रात मुलीने जवळचा देठ लहान आणि लांबची टोके मोठी काढली. सरांनी ते खोडू दिले नाही, शेजारीच पुन्हा काढायला लावले. खोडरबर त्या वर्गात चालतच नाही. पुढच्या शनिवारी, बागेतून घड रस्त्यापर्यंत वाहून नेताना केळी घासून काळी पडू नयेत यासाठी काय करता येईल, याची रेखाटने करायची होती. त्यासाठी ती यावलजवळ मामाच्या बागेत गेली आणि मजुराच्या डोक्यावरची चुंबळ सहा बाजूंनी काढून आणली. चौकटीत नक्षी भरण्याची सवय लागलेल्या मुलीला संकल्पचित्र या शब्दाचा दुसरा अर्थ तिथे कळला, याचे श्रेय मी सरांना मोकळेपणाने देतो. चाळीसगावला केकी मूस यांच्या कलादालनातही मुलांना नेले होते. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांनी टिपलेली छायाचित्रे पाहून आल्यावर मुलीने आठवडाभर आमचे स्वयंपाकघर अस्ताव्यस्त ठेवले.

तक्रार आहे ती रविवारची. डिझाइनच्या पदवी प्रवेशासाठी आयआयटी मुंबई घेत असलेल्या ‘यूसीड’ परीक्षेचे एकूण 300 गुण असतात : संगणकावर दोन तासांचा ‘अ’ भाग 200 गुणांचा आणि हाताने काढायचा एका तासाचा ‘ब’ भाग 100 गुणांचा. ‘अ’ भागात पुरेसे गुण मिळाले, तरच ‘ब’ भाग तपासला जातो. ही एवढी महत्त्वाची गोष्ट आम्हाला वर्गात कोणी सांगितली नाही; नोव्हेंबरमध्ये माहितीपुस्तिका वाचताना ती मला दिसली. रविवारी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स वाटल्या जात आणि उत्तरे फळ्यावर लिहिली जात, परंतु घडी घातलेला कागद उलगडल्यावर छिद्रे कुठे दिसतील, हे मनात कसे फिरवून पाहायचे, ते कोणी समजावले नाही. त्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची परीक्षेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. संख्या लिहायच्या प्रश्नांना ऋण गुण नसतात, म्हणून ते कोरे सोडू नयेत, हेही मुलीला सराव करताना स्वतःच उमगले. सराव चाचणी वर्षभरात एकदाही संगणकावर झाली नाही.

व्हायचे तेच झाले. जानेवारीतील परीक्षेत ‘अ’ भागात थोडे गुण कमी पडले आणि वर्षभर घोटलेला हात कोणी पाहिलाच नाही. मी सरांना फोन केला तेव्हा, ‘‘चित्र तर तिचं वर्गात सगळ्यात चांगलं आहे,’’ असे ते म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते.

ही परीक्षा लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, त्यामुळे यंदा तिचा शेवटचा प्रयत्न आहे. ‘अ’ भागाची तयारी ती घरी संगणकावर घड्याळ लावून करते आहे. केवळ शनिवारच्या तासांसाठी निम्मे शुल्क घ्याल का, असे आम्ही विचारले होते. पूर्ण भरावे लागेल, असे उत्तर आले. तरीही आम्ही पहिला हप्ता भरला आहे.