पद्मिनीचा एसी पंप: किट टाकावं की इलेक्ट्रिक बसवावा?

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचा एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल खेचणारा इंजिनवरचा पंप, गळायला लागला की गॅरेजात दोन रस्ते सांगतात. पंप उघडून किट टाका, नाहीतर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवा. माझ्या १९८९ च्या पद्मिनीवर मी दोन्ही करून पाहिलं आहे. आधी तीन वर्षं किटवर, आता दोन पावसाळे इलेक्ट्रिकवर.

पंपाला हात लावण्याआधी टाकीकडून येणारा रबरी पाइप मात्र बघा. त्याला चीर गेली तर पेट्रोल ठिबकेलच असं नाही. पंप खेचतो तेव्हा चिरेतून हवा आत शिरते, धार तुटक येते आणि दोष पंपावर जातो. माझं पहिलं किट असंच वाया गेलं. नवा पाइप इंजेक्शनच्या गाडीचा, ‘३० आर ९’ छापलेला घ्या. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. मी आधी लावलेला साधा पाइप त्यात आठ महिन्यांत फुगून मऊ पडला.

किटच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. डायफ्रॅम (पेट्रोल खेचणारा लवचीक पडदा), व्हॉल्व्ह, गॅस्केट एवढंच सामान, अर्ध्या दिवसाचं काम, वायरिंगला हात नाही आणि गाडी मूळ रूपात राहते. पंप कॅमशाफ्टवर चालतो, त्यामुळे इंजिन थांबलं की पेट्रोल थांबलं. ही सुरक्षितता मी कमी लेखणार नाही. सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो तो बहुतेक व्हॉल्व्ह नीट बसत नसल्यामुळे, रात्रीतून पेट्रोल टाकीकडे उतरतं म्हणून. चांगल्या किटने तेही जातं. गाडी रोज चालत असेल आणि इथेनॉलला टिकणारा डायफ्रॅम मिळत असेल, तर किट टाकणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

पण माझं मन फिरलं ते एका सकाळी, चवथीच्या आधी. पेडण्याला जायचं म्हणून ऑइल बघायला डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. तीन महिन्यांत मी थेंबभर घातलं नव्हतं. दोन बोटांत चोळून पाहिलं तर पाण्यासारखं पातळ, नाकाशी नेलं तर सरळ पेट्रोल. खाली लादी कोरडी होती. डायफ्रॅमला केसाएवढी चीर गेली होती, आणि पेट्रोल बाहेर न ठिबकता पंपाच्या दांड्याच्या बाजूने इंजिनच्या चेंबरात, जिथे ऑइल साठतं तिथे, उतरत होतं. अशा ऑइलवर मी डिचोली-पणजी किती फेऱ्या मारल्या असतील, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. बाहेरची गळती डोळ्यांना दिसते, वास येतो, माणूस सावध होतो. ही आतल्या आत बेअरिंगं खाते. त्यानंतर नवं किट टाकलं, तरी दर फेरीआधी डिपस्टिक हुंगायची सवय सुटेना. गाडीवरचा भरवसाच गेला.

इलेक्ट्रिक पंपात ही वाट उरत नाही. जुन्या पंपाच्या जागी पत्रा आणि गॅस्केट बसतं, पेट्रोलचा ऑइलशी संबंध संपतो. दुसरा फायदा चोर्ला घाटात कळला. इंजिनला चिकटलेला पंप तापतो, आणि खेचताना पाइपात पेट्रोलची वाफ होते. पूर्वी मे महिन्यात पंपावर ओलं फडकं ठेवून थांबावं लागायचं. आता पंप मागून ढकलतो. त्या घाटात गाडी अजून एकदाही बसलेली नाही.

त्रास याचेही आहेत. टिकटिक ऐकू येते. पावसात वायरचा जोड हिरवा पडून एकदा साखळी गावात गाडी बंद पडली होती. तेव्हापासून जोडांना ग्रीस लावतो. पंप विकत घेताना दाब विचारा: कार्बोरेटरला ३-४ पीएसआय पुरतो. इंजेक्शनचा पंप ४० च्या आसपास देतो, तो कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल रोखणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला जुमानत नाही आणि कार्बोरेटर उतू जातो. आणि पंप नुसता चावीवर जोडू देऊ नका. धडक बसून इंजिन बंद पडलं तरी तो पेट्रोल फेकत राहील. माझ्या मेस्त्रीने रिले आणि फ्यूज घालून तो ऑइल प्रेशर स्विचवरून घेतला आहे, म्हणजे इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की पंपही थांबतो, आणि सुरुवातीसाठी डॅशखाली दाबायचं बटण दिलं आहे. आठवडाभर उभी असलेली गाडी काढताना ते दाबून धरतो. टिकटिक जलद चालते, वाटी भरली की मंदावते, मग चावी फिरवतो. बहुतेक वेळा पहिल्याच फटक्यात सुरू होते.

जुना पंप मी टाकला नाही. नवा डायफ्रॅम घालून, गॅस्केटसकट कागदात गुंडाळून डिकीत ठेवला आहे. दोन नट सोडून तो परत चढवता येतो.