जुनी तबकडी, नवी तबकडी की सीडी? ‘रीमास्टर्ड’ची चिठ्ठी बघून फसण्याआधी

भाच्याने पहिल्या पगारात टर्नटेबल घेतलं. पुढच्या रविवारी स्वारी कोथरूडला माझ्याकडे हजर, चहाच्या आधी मोबाइल पुढे.

“मामा, हे बघ. एकच अल्बम आहे. जुन्या बाजारात एक जण जुनी एलपी चारशेला देतोय. नवी रीइश्यू साडेतीन हजार, वर लिहिलंय रीमास्टर्ड, १८० ग्रॅम. सीडी सहाशे, तीही रीमास्टर्ड. तू सांग, कुठली घेऊ?”

अल्बम ख्यालाचा होता. एका बाजूला एक राग, आधी विलंबित, मग द्रुत, वीस-बावीस मिनिटांत आटपलेला. जुनी प्रत माझ्याकडे होतीच, तीच रीमास्टर्ड सीडीही होती. नवी तबकडी एका मित्राने मागच्याच महिन्यात घेतली होती, ती मागवली आणि दुपारभर तिन्ही आलटून पालटून लावल्या.

पहिली चूक लगेच कळली. सीडी लावली की दोघांनाही “वा!” वाटायचं, कारण ती नुसती मोठ्याने वाजत होती. एक-दोन डेसिबलचा फरकही कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘चांगला’ म्हणून कळतो. तेव्हा तुलना करायची तर आधी आवाज सारखा करून घ्या. दर वेळी व्हॉल्यूमची खुंटी हलवायचा कंटाळा आला तरी करा. आम्ही केला, आणि सीडीची निम्मी जादू तिथेच उतरली.

उरलेली तंबोऱ्याने उतरवली. जुन्या तबकडीवर सुरुवातीला खरखर आहे, एक-दोन ठिकाणी टिक् आहे, पण त्या खरखरीच्या मागे तंबोरा जिवंत आहे. जवारीचा, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारा, तो झणकार पंचमावरून षड्जावर येताना ऐकू येतो, गायक श्वास घ्यायला थांबला की तंबोरा पुढे येतो आणि जागा भरून काढतो. सीडीवर खरखर औषधालाही नाही. पण गायक थांबला की मागे एक पोकळी. तंबोरा आहे, पण कुणी ओली गोधडी टाकल्यासारखा, आणि नीट कान दिला तर कडेने पाण्यातल्या बुडबुड्यांसारखा आवाज. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी सतत चालू असलेला, वरच्या पट्ट्यात पसरलेला बारीक आवाज म्हणजे कचरा. तंबोऱ्याची जवारी नेमकी तशीच असते. पाश्चात्य संगीतात असं सतत वाजणारं काही बहुधा नसतं, म्हणून तिकडे जे खपून जातं ते आपल्याकडे खपत नाही. माझं मत विचाराल तर ख्यालाच्या रीमास्टरची परीक्षा एकच, गाणं सुरू व्हायच्या आधीचे दहा सेकंद ऐका. तंबोरा मेलेला असेल तर पुढचं ऐकायची गरज नाही.

आणि साडेतीन हजारांची नवी तबकडी? तीवरही तीच पोकळी, तेच बुडबुडे, वर सुईची थोडी खरखर फुकट. म्हणजे सीडीसाठी साफ केलेली तीच फाइल घेऊन तबकडी कापली, म्हणजे खाचा कोरल्या, होत्या. जाड, चकचकीत, जॅकेट सुंदर, आणि आत सीडीच. १८० ग्रॅमचंही तसंच. जुन्या एलपी साधारण १२०-१४० ग्रॅमच्या असत. जड तबकडी वाकायला जरा कुरकुर करते, हातात घेतल्यावर बरं वाटतं, पण आवाज खाचेत असतो, वजनात नाही.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण ‘रीमास्टर’ या शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. खरा रीमास्टर म्हणजे जुनी मास्टर टेप पुन्हा वाजवून तिचा समतोल, आवाजाची पातळी, खरखर वगैरे नव्याने बसवणं. रीमिक्स म्हणजे त्याही मागे जाऊन वेगवेगळे ट्रॅक पुन्हा जुळवणं. २०१७ मध्ये बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चं झालं ते हे. आपल्या जुन्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणांचा रीमिक्स बहुतेक वेळा करताच येत नाही, कारण सगळे एकत्र बसून गायले-वाजवले आणि ते थेट एक-दोन ट्रॅकवर उतरलं. तिसरा प्रकार आपल्याकडचा खास. जुन्या गाण्यावर नवा ठेका चढवायचा आणि त्याला ‘झंकार’ म्हणायचं, किंवा गायकाचा आवाज तेवढा ठेवून मागे नवा वाद्यवृंद वाजवायचा आणि ‘रिव्हायव्हल’ म्हणून विकायचं. ऐंशी-नव्वदच्या दशकात कॅसेटींवर याचा पूर आला होता. आजही एखादं जुनं गाणं ऐकताना ‘हा ढोलक इथे कुठून आला?’ असं वाटलं तर तुम्ही तेच ऐकताय. फिल्मी गाणी घेणाऱ्याने याकडे आधी बघावं, डिजिटल दर्जाचे बिट आणि किलोहर्ट्झचे आकडे नंतर.

मग ‘मूळ ते खरं’ असा सरळ नियम करावा का? भाच्याला तो फार आवडला असता, पण नाही. जाझवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. १९५९ मध्ये निघाला. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी ध्वनिमुद्रित होताना मुख्य टेप-यंत्र जरा मंद चालत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर ती किंचित चढी लागायची. तेहतीस वर्षं जगाने ती तशीच ऐकली, त्यावर बोट ठेवून साथ केली. शेजारच्या दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून १९९२ च्या आवृत्तीत वेग दुरुस्त झाला. इथे पहिली छपाई ‘अस्सल’ खरी, पण स्वर चुकीचे. या अल्बमपुरतं माझं मत स्पष्ट आहे, दुरुस्त केलेलीच घ्या.

आपल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एलपीच्या आधीच्या) रेकॉर्डना हे दुखणं सर्रास. सुरुवातीच्या काळात वेग पक्का नव्हता, ७० पासून ८० च्या वरपर्यंत काहीही असायचा. ७८ ची तबकडी ८० वर फिरवली तर स्वर पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने चढतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची किंवा बालगंधर्वांची जुनी रेकॉर्ड एका सीडीवर एका पट्टीत आणि दुसरीवर भलत्याच पट्टीत ऐकू येते ती यामुळे. आवाज पातळ, तान जरा घाईची वाटली तर आधी वेगावर संशय घ्या, मग गायकावर. या जमान्याच्या गाण्यांसाठी मूळ तबकडीच्या मागे लागू नका. ७८ ला सुईच वेगळी लागते, एलपीच्या १८-२५ मायक्रॉनऐवजी सुमारे ७५ मायक्रॉनची, आणि भाच्याच्या टर्नटेबलला ७८ चा वेगही नाही. इथे सीडी किंवा डिजिटल प्रतच घ्यावी, पण ज्यात थोडी खरखर राहू दिली आहे अशी. गुळगुळीत केलेली ७८ म्हणजे टेलिफोनवरचं नाट्यगीत.

कुठलं मूळ, हाही प्रश्न आहेच. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक अशी ५६ गीतं, आणि ती अनेकांनी गायली. घराघरात पुढे पोचला तो सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातला एचएमव्हीचा संच. माझी आई ‘खरं गीतरामायण’ म्हणायची ते रेडिओवरचं, मी म्हणतो ते रेकॉर्डवरचं. दोघांचंही बरोबर.

आता जुनी एलपी घ्यायचीच असेल तर. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत. तिथे वाजवून बघायची सोय नाही, मोबाइलची बॅटरी हीच परीक्षा. तबकडी तिरपी धरा. खाचा काळ्या, चमकदार दिसल्या तर ठीक. करड्या पडल्या असतील तर ती कुणाच्या तरी जुन्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर, जड सुईखाली वर्षानुवर्षं झिजली आहे, आणि झिजलेली खाच धुऊन परत येत नाही. पुण्याच्या पावसाळ्याने जॅकेटवर आणि तबकडीवर बुरशी आणलेली असते, तिला मात्र घाबरू नका. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने. लेबलला पाणी लावू नका. जॅकेटवर ‘स्टिरिओ’ आहे म्हणून हुरळूनही जाऊ नका, मोनो मुद्रणाला ओढूनताणून स्टिरिओ केल्याचे नमुने कमी नाहीत. लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला आकडा टिपून ठेवा. छपाई कुठली ते जॅकेटपेक्षा तो आकडा खरं सांगतो.

एलपीची एक खोड ख्यालाच्या मुळावर येते. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटरच्या आसपास खाच जाते, लेबलाजवळ वीस-बावीसच. तपशील तिथे दाटीवाटीने बसतो आणि विकृती वाढते. आपलं गाणं नेमकं उलटं: सुरुवातीला शांत आलाप, शेवटी द्रुत, तराणा, तानांचा भडिमार. सगळ्यात अवघड भाग सगळ्यात वाईट जागी. सीडीला हा त्रास नाही. यावर उपाय म्हणून मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, म्हणजे एलपीपेक्षा जास्त वेगाच्या, दोन तबकड्यांत अल्बम काढतात. रॉकला तो चालतो. ख्यालात आलाप रंगात आला की उठा, बाजू बदला, बसा. तेवढ्यासाठी पाच हजार देणाऱ्याला माझा नमस्कार.

नवी तबकडी घ्यायची तर एवढंच विचारा: कशावरून कापली? मूळ टेप, टेपची नक्कल, की सीडीची फाइल? सांगत नसतील तर शेवटचं समजा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे साठच्या दशकाच्या सुरुवातीचं बरंचसं आता कुणीही छापू शकतो, टेप हाताशी नसतानाही. संगणकावर ऑडॅसिटी हे ध्वनी संपादनाचं सॉफ्टवेअर असेल तर आवाजाचा वर्णपट काढून बघा. सोळा हजार हर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं सपाट दिसलं तर मूळ बहुधा एमपीथ्री होतं.

मात्र डिजिटल टप्पा आला की सगळं नासलं, असंही नाही. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीची गोष्ट बाहेर आली. महागड्या, ‘मूळ टेपवरून’ म्हणून विकलेल्या बऱ्याच तबकड्यांत मध्ये डिजिटल नक्कल होती, आणि वर्षानुवर्षं त्याच तबकड्या ऐकून भले भले अॅनालॉगच्या उबेचे गोडवे गात होते. राग आला तो लपवल्याचा, कोर्टकचेरी झाली. आवाज मात्र आदल्या दिवशी होता तेवढाच चांगला राहिला. डिजिटल नक्कल नीट केली तर कळत नाही. तंबोरा मारतो तो नंतर फिरवलेला सफाईचा हात.

सीडीचा मुख्य शत्रू आवाज दाबून एकसारखा मोठा करणं. नव्वदनंतर ही चढाओढ वाढली, आणि मेटॅलिका या रॉक बँडच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर ऐकणाऱ्यांनीच तक्रार केली. ख्यालात असं झालं की मंद्रातला आलाप आणि तारसप्तकातली तान सारख्याच जोरात. म्हणून माझा कल जुन्या सीडीकडे, १९९० च्या आसपासची, ‘रीमास्टर्ड’ असं न लिहिलेली. टेपची थोडी हिस, म्हणजे सूं-सूं, असते, पण उंची-खोली शाबूत. स्ट्रीमिंगवर सगळ्यांची पातळी साधारण सारखी करून वाजवतात, तेव्हा दाबलेल्या प्रतीचा मोठेपणा तिथे उघडा पडतो. घरबसल्या फुकटात तुलना करायला ती जागा चांगली. डायनॅमिक रेंजचे (हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतराचे) आकडे बघणाऱ्यांना एक सूचना: त्याच फाइलवरून कापलेली तबकडी मोजली तरी आकडा सीडीपेक्षा दोन-चारने जास्त येतो, तो तबकडीचा गुण नाही, मोजण्याची गंमत आहे.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या बुधवारी ऑफिसला दांडी मारून बाजार गाठला. चारशेची साडेतीनशेला पाडून आणली. माझ्याच बेसिनमध्ये धुतली, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली उभी करून वाळवली. पहिली बाजू झकास निघाली. दुसऱ्या बाजूला द्रुताच्या मध्यावर एक चरा, दर फेऱ्याला, म्हणजे १.८ सेकंदांनी, टिक्. त्याने डोळे मिटून मांडीवर ताल धरला, चार आवर्तनं मोजली.

“मामा, एवढी टिक्टिक् करते, एकदा तरी समेवर यावं ना!”

जाताना माझी ती सीडी खिशात घालून घेऊन गेला, द्रुतापुरती.