बूच आणि लाकूड: डुप्लिकेटर घ्यावा की हातानेच कातावं?

वर लाकडी मूठ आणि खाली बूच, असे बाटलीचे स्टॉपर मी गेली चार वर्षं नाशकात करतोय. द्राक्षबागा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना भेट द्यायला म्हणून साठ-सत्तर नगांची ऑर्डर येते आणि अट एकच असते: सगळे सारखे हवेत. पहिलं वर्ष हाताने केले. मग अंबडच्या एका वर्कशॉपमधून लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, बसणारा डुप्लिकेटर करून घेतला. यात साच्यावरून बोटासारखा एक दांडा फिरतो आणि त्याच्याशी जोडलेली टिप तोच आकार लाकडात कातते. दोन्ही वापरून झाले आहेत, म्हणून लिहितोय.

नुसतं लाकूड असेल तर डुप्लिकेटरला नावं ठेवायला जागा नाही. शिसवीची मूठ पहिल्या नगापासून साठाव्यापर्यंत एकसारखी येते. साच्यावर फिरणाऱ्या बोटाची गोलाई आणि कापणाऱ्या टिपची गोलाई मात्र जुळायला हवी, नाहीतर खाचा साच्यापेक्षा वेगळ्या उतरतात. टिपपेक्षा बारीक खाच तर निघणारच नाही. सागाला थोडे तंतू उठतात, कारण हे हत्यार लाकूड धारदार पटाशीसारखं कापत नाही, खरवडतं. पॉलिश पेपरने ते निभावतं.

माझं अडलं ते बुचाशी.

माझ्या डिझाइनमध्ये लाकडाची मान सरळ बुचात उतरते, मध्ये खाच नाही. टिप लाकडावरून बुचावर आली की बूच दाबलं जातं आणि टिप पुढे गेली की परत फुगतं. त्याच्या पेशींत हवाच भरलेली असते, त्यामुळे तो त्याचा स्वभावच आहे. परिणाम असा, की लाकूड आणि बूच एकाच मापाला कातूनही जोडावर नखाला लागेल एवढी पायरी राहते. शिवाय बुचाच्या अंगच्या तपकिरी छिद्रांपाशी टिप अडकली की हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा उपटून येतो. नवी टिप लावली, लेथचे फेरे वाढवले, हात सावकाश सरकवला. फरक पडला, पण एका ऑर्डरमध्ये नऊ नग बाजूला काढावे लागले. चांगलं नैसर्गिक बूच पोर्तुगालकडून येतं आणि एका झाडाची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा काढतात. असा माल कचऱ्यात टाकताना जीव तुटतो.

हाताने करताना मी बुचाला लोखंड लावतच नाही. सपाट लाकडी पट्टीवर ८० नंबरचा पेपर चिकटवायचा, लाकडावर कागदी टेप गुंडाळायची आणि पट्टी बुचावर अलगद टेकवायची. मग १५०, शेवटी २४०. बोटाला कळतं, बूच कुठे दबतंय, कुठे छिद्र आलंय. तिथे आपोआप हात हलका होतो. डुप्लिकेटरच्या दांड्यातून हे कळत नाही. माप पुठ्ठ्याच्या साच्याने बघतो आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) फक्त दोन ठिकाणी लावतो. बाटलीच्या तोंडाचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो, म्हणून टोक १७ आणि वरचा भाग २१ ठेवला की झालं. धूळ बारीक उडते, मास्क लावाच.

वेळ जास्त लागतो, हे खरं. पण डुप्लिकेटर बसवून साचा जुळवायला माझा अर्धा-पाऊण तास जातो, तो साठ नगांच्या ऑर्डरमध्ये फार वसूल होतो असं मला वाटत नाही. जिन्याच्या कठड्याचे शंभर खांब करायचे असतील तर मी स्वतः डुप्लिकेटरच काढेन. तुमचं बूच वेगळ्या प्रतीचं असेल, हात माझ्यापेक्षा बसलेला असेल, तर अनुभवही वेगळा येऊ शकतो.

पैसे गुंतवण्याआधी ओळखीत कुणाकडे डुप्लिकेटर असेल तर लाकूड चिकटवलेली पाच बुचं घेऊन जा, तिथेच कातून बघा आणि जोडावरून नख फिरवा.