एलकेए: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर, आणि ती ४ मिनिटं

परवा कॉल रूममध्ये एलकेएचा (अमेरिकेत डॉक्टरांना बोर्डाचं सर्टिफिकेट टिकवण्यासाठी द्यावी लागणारी ऑनलाइन परीक्षा, ‘लाँजिट्युडिनल नॉलेज असेसमेंट’) प्रश्न उघडला आणि तेवढ्यात हॉस्पिटलचं वायफाय गेलं. नेट परत येईपर्यंत वेळ संपली, प्रश्न हातचा गेला. दोष नेटवर्कचा, पण त्या संतापातच लिहायला बसले आहे, कारण या परीक्षेबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते सगळं प्रत्येक प्रश्नाला मिळणाऱ्या त्या ४ मिनिटांपाशीच येऊन थांबतं.

रचना इंटर्नल मेडिसिनवाल्यांना ठाऊक आहेच. दहा वर्षांतून एकदाच्या परीक्षेला एबीआयएमने (अमेरिकेच्या इंटर्नल मेडिसिन बोर्डाने) २०२२ पासून हा पर्याय दिला: तिमाहीला ३० प्रश्न, पाच वर्षांत ६००, पुस्तकं उघडी ठेवून. फक्त दुसऱ्या माणसाला विचारायचं नाही. परीक्षा केंद्र नाही, रजा टाकणं नाही. ६०० पैकी ५०० प्रश्न उघडले की सहभागाची अट पुरी होते, त्यामुळे एखादी तिमाही घरच्या अडचणींत गेली तरी निभावतं. इथवर तक्रार नाही.

पण सुरुवातीला मला ठाम वाटायचं की पुस्तकाची मुभा एका हाताने देतात आणि घड्याळ लावून दुसऱ्या हाताने काढून घेतात. लांबलचक केस, खाली लॅबचा तक्ता, कधी ईसीजी. वाचण्यातच निम्म्याहून जास्त वेळ जातो. उरलेल्या वेळात अपटुडेट (डॉक्टरांचा ऑनलाइन संदर्भग्रंथ) उघडून नेमका परिच्छेद कधी शोधायचा? वर्षाला ३० मिनिटांचा जादा वेळ शिल्लक असतो म्हणे. १२० प्रश्नांवर वाटून बघा, प्रत्येकाच्या वाट्याला १५ सेकंद येतात!

पुढे मत बदललं, निदान अर्धं. प्रश्नांचा मजकूर बाहेर सांगायला बंदी आहे म्हणून विषय सांगत नाही, पण ज्या विषयात कुठे बघायचं हे मला पक्कं माहीत होतं, तिथे ४ मिनिटं आरामात पुरली. क्लिनिकमध्ये हेच तर चालतं. किडनी अधू असलेल्या पेशंटला औषधाचा डोस किती द्यायचा हे त्याच्यासमोरच बघावं लागतं, आणि पुढचा पेशंट बाहेर ताटकळत असतो. पाठांतरापेक्षा हे कौशल्य तपासलेलं मला जास्त पटतं.

उरलेलं अर्धं मत मात्र तसंच आहे. अडलं की मी शेजारच्या नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरला) फोन करते. पेशंटच्या भल्याचं तेच असतं, आणि नेमकं तेच इथे वर्ज्य. परीक्षेत ते चालणार नाही हे समजतं. पण मग एकट्या डॉक्टरला एकट्याने शोधायला वेळ तरी पुरेसा हवा.

खरा आनंद उत्तर दिल्यानंतरचा आहे. बरोबर की चूक हे बहुतेक प्रश्नांत लगेच कळतं, शिवाय कारणमीमांसा आणि संदर्भही मिळतात. दहा वर्षांच्या परीक्षेत नेमका कुठला प्रश्न का चुकला हे कळायचंच नाही. इथल्या चुकांमुळे माझ्या दोन-तीन जुन्या सवयी सुटल्या, आणि ते मी फार मोलाचं मानते.

पैशांचं म्हणाल तर वर्षाला २२० डॉलर, दुसऱ्या सर्टिफिकेटचे आणखी १२०. खुपतं. त्यातून १९९० च्या आधी ज्यांना मिळाली त्यांची सर्टिफिकेटं मुदतीविना, तेव्हा जास्तच खुपतं. पण एलकेएला वेगळी परीक्षा फी नाही आणि प्रत्येक बरोबर उत्तराला ०.२ एमओसी (सर्टिफिकेट चालू ठेवायला लागणारे) पॉइंट मिळतात. म्हणजे ५०० उत्तरं बरोबर आली तर पाच वर्षांचे १०० पॉइंट इथेच जमतात. केवळ पॉइंटांसाठी घेतलेले महागडे कोर्स मी बंद केले.

तेव्हा दहा वर्षांच्या परीक्षेकडे मी परत जाणार नाही. बोर्डाकडे मागणं एकच आहे: सगळ्या प्रश्नांना एकच माप लावू नका. दोन ओळींच्या प्रश्नाला २ मिनिटं पुरतात, तक्ता आणि ईसीजी असलेल्याला ६ द्या. दोन्ही प्रकारचे प्रश्न सारखेच असले तर एकूण वेळ तेवढाच राहील.