विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी कवितेचा अभ्यासक्रम: मोजणी चोख, रूपकाशी गडबड

आठ आठवडे, आठवड्याला दोन तास आणि एक लेखी गृहपाठ. विज्ञान शाखेतल्या मुलांना कविता वाचायला-लिहायला शिकवणारा हा ऑनलाइन अभ्यासक्रम ‘कविता म्हणजे भावना’ असल्या वाक्याने सुरू होत नाही, हीच त्याची पहिली जमेची बाजू. पहिल्या तासाला थेट लघु-गुरू, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरे. लघूची एक मात्रा (उच्चाराच्या वेळेचे माप), गुरूच्या दोन. तीन अक्षरांचा एक गण, म्हणजे दोनाचा घन, म्हणून गण आठच. ‘यमाताराजभानसलगा’ पाठ केले की त्यातली सलग तीन-तीन अक्षरे उचलायची: यमाता म्हणजे य गण, लघु-गुरू-गुरू. बायनरी येणाऱ्याला हे दहा मिनिटांत कळते.

मात्रांचा तास त्याहून सरस. लघु-गुरू वापरून सहा मात्रा किती प्रकारे भरता येतील? शेवटचे अक्षर लघु घेतले तर मागे पाच मात्रा उरतात, त्यांचे ८ प्रकार. गुरू घेतले तर चार उरतात, त्यांचे ५. एकूण १३. फिबोनाचीने १२०२ मध्ये मांडलेली श्रेणी ती हीच; छंदांच्या हिशेबात जैन पंडित हेमचंद्राने ती बाराव्या शतकातच सांगितली होती. हे फळ्यावर उलगडून दाखवतात, नुसता अभिमान म्हणून सांगत नाहीत.

घोळ होतो तो गृहपाठ तपासणाऱ्या प्रोग्राममुळे. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, एवढाच नियम त्याला शिकवलेला आहे. मराठीत ते आघात, म्हणजे उच्चारात जोर, आला तरच गुरू होते. ‘सत्य’मधला स गुरू, पण तुझ्या, पुन्हा, उन्हाळा यांतले पहिले अक्षर लघुच. ‘उन्हाने जळाची जशी वाफ होते’ ही ओळ भुजंगप्रयात या वृत्तात चोख बसते, चार य गण, बारा अक्षरे. प्रोग्राम मात्र पहिल्याच अक्षराला लाल रेघ मारतो. परिणाम असा, की मुले असे घरचे शब्द टाळून संस्कृत शब्द भरतात आणि वाफेवरची कविता स्तोत्रासारखी वाजू लागते. ओळ मोठ्याने म्हणून, गुरूवर टाळी देऊन पाहणे हा खरा उपाय. तो शेवटच्या पानावर एका ओळीत उरकला आहे. ‘वाफ’ आपण बोलताना ‘वाफ्’ म्हणतो, वृत्तात मात्र फ पूर्ण मोजतात, हेही कुठे सांगितलेले नाही. अभंगाची ६-६-६-४ अक्षरे मोजताना निम्मी मुले इथेच अडखळतात.

पाचव्या आठवड्यापासून रूपक. ते ‘अ = ब’ असे शिकवले आहे, आणि हे सपशेल चूक. समीकरण दोन्ही बाजूंनी वाचता येते, रूपक येत नाही: ‘चेहरा चंद्र आहे’ यात चेहऱ्याची स्तुती, ‘चंद्र चेहरा आहे’ म्हटले की चंद्राला डोळे फुटतात. समीकरणाची सवय असलेल्यांपुढे तर हा फरक आधी मांडायला हवा होता.

निरीक्षणाच्या वहीचा सराव उत्तम आहे. एकच वस्तू पंधरा मिनिटे पाहायची, विशेषण न वापरता वीस ओळी लिहायच्या, मग आठच ठेवायच्या. पण प्रयोगवहीची सवय अशी, की शेवटी ‘निष्कर्ष’ येतोच. प्रत्येक मसुद्याच्या शेवटच्या दोन ओळी झाकून वाचायला सांगितले असते तर निम्म्या कविता जागच्या जागी सुधारल्या असत्या. एंट्रॉपी, क्वांटम हे शब्द दागिन्यासारखे टोचणाऱ्यांनाही कुणी हटकत नाही. यंत्रयुगातले शब्द अभंग-ओवीच्या चालीत बसवणारे मर्ढेकर (१९०९–१९५६) तिसऱ्या आठवड्यात हवेत. इथे त्यांना अखेरची वीस मिनिटे.

मुक्तछंदाला अर्धा तास. ओळ कुठे तोडायची? ‘श्वास तुटेल तिथे’, एवढेच उत्तर. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्य संपेल तिथे ओळ तोडली की होते, जाते, येते अशी फुकटची यमके जमतात आणि कविता निबंधासारखी सरळ चालते. क्रियापद पुढच्या ओळीत ढकलले की वाचक क्षणभर लटकतो. एवढे एक उदाहरण पुरले असते.

नोंदणी करताना प्रोग्रामऐवजी शिक्षकाकडून गृहपाठ तपासून घेण्याचा पर्याय असतो. उत्तर आठवडाभर उशिरा येते, तरी तोच घ्यावा. तिथे ‘उन्हाने’मधला उ लघु राहतो.